ग्रुपवर टाकलं म्हणजे घरी कळलं असं नाही: शाळेतून पालकांशी बोलताना या चुका टाळा

"ग्रुपवर टाकलंय की, बघत नाहीत त्याला आम्ही काय करणार?" हे वाक्य आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या, मराठी शाळांच्या स्टाफरूममध्ये जूनपासून एप्रिलपर्यंत ऐकू येतं आणि बोलणारे शिक्षक मनापासून काम करणारेच असतात, म्हणूनच हे लिहावंसं वाटलं. खानापूरच्या जंगलातल्या वाडीवर असो, येळ्ळूर-उचगावला असो की निपाणीत, पालकांना पोरांची काळजी नाही असं घर मला तरी फार कमी दिसलं. निरोप अडकतो तो मधेच कुठंतरी, आणि कुठं अडकला हे शोधता येतं. पालक बेफिकीर आहेत असं ठरवायच्या आधी खालच्या गोष्टी एकदा तपासून बघा.

नंबर कुणाचा आहे ते न बघणं

ॲडमिशनच्या वेळी फॉर्मवर जो नंबर लिहिला तोच ग्रुपमध्ये जातो. तो बहुतेक वडिलांचा असतो, वडील गोव्याला कामाला किंवा उद्यमबागेत फौंड्रीत शिफ्टला, आणि पोराच्या दप्तराकडं बघणारी आई किंवा आजी घरी, जिच्याकडं साधा बटनाचा फोन. म्हणजे पालकसभेचा निरोप मडगावात वाचला जातो आणि गावात कुणालाच माहीत नसतो. रिचार्ज संपला की नवीन सिम घेणारीपण बरीच घरं आहेत. त्यामुळं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वर्गातल्या प्रत्येक पोराला एकच विचारा, "संध्याकाळी घरी कुणाचा फोन असतो?" आणि तो नंबर वेगळ्या वहीत लिहून ठेवा. दसऱ्याच्या सुट्टीनंतर हीच यादी परत तपासा, कारण तोवर बरेच नंबर बदललेले असतात.

काही शिक्षक ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतात, चांगलंच आहे, गुडमॉर्निंगचा कचरा होत नाही. खरी अडचण अशी की ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्याच फोनवर जातो ज्यात तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. अर्ध्या पालकांनी तो सेव्हच केला नसेल तर तुम्ही वर्षभर पाठवत राहता आणि तिकडं काहीच पोचत नाही. ग्रुप असेल तर आपण पाठवलेल्या मेसेजवर दाबून धरून इन्फो बघा, कुणी वाचला आणि कुणाला नुसता पोचला ते नावासकट दिसतं. ज्या चार-पाच घरांत मेसेज पोचतच नाही ती घरं जवळजवळ कायम तीच असतात, त्यांना मेसेज पाठवत बसण्यापेक्षा पोराच्या हातात चिठ्ठी द्या नाहीतर सरळ फोन लावा.

आणखी एक, पीडीएफ पाठवू नका. कमी डेटावर पीडीएफ आपोआप उतरत नाही, नुसता एक राखाडी चौकोन दिसतो, आणि विचारलं की पालक प्रामाणिकपणे सांगतात, "मॅसेज आलता खरं उघडला नाही सर."

वरून आलेलं सर्क्युलर जसंच्या तसं फॉरवर्ड करणं

आपल्या भागात ही सगळ्यात मोठी चूक आहे असं माझं मत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बीईओ ऑफिसकडून (तालुक्याचं शिक्षण कार्यालय) किंवा सीआरपींकडून (आसपासच्या शाळांचं बघणारे शिक्षण खात्याचे माणूस) सर्क्युलर येतं ते कन्नडमध्ये, दोन-तीन पानांचं, आणि आपण ते एका सेकंदात पालकांच्या ग्रुपवर ढकलतो. आपले बरेच पालक कन्नड बोलतात, बाजारात, बसमध्ये, कामावर त्यांचं कन्नडशिवाय चालत नाही, पण वाचता येत नाही. शाळा मराठीत झाली, ती पण कुणाची सातवीपर्यंत कुणाची चौथीपर्यंत. मग ते सर्क्युलर कुणाला तरी दाखवायचं, तो म्हणणार बघतो, आणि तारीख निघून जाणार.

याचा उपाय अगदी साधा आहे. सर्क्युलर स्वतः वाचा आणि त्यातून घरच्यांनी काय करायचं तेवढंच तुमच्या आवाजात अर्ध्या-पाऊण मिनिटात बोलून पाठवा. काय पाहिजे, कधीपर्यंत, कुठं मिळतं, अडलं तर कुणाला फोन करायचा, एवढंच. उदाहरणार्थ स्कॉलरशिपचं घ्या (एसएसपी म्हणजे राज्य सरकारचं स्कॉलरशिप पोर्टल, नाडकचेरी म्हणजे दाखले देणारं सरकारी ऑफिस), "सहावीच्या पालकांनो, एसएसपीवर स्कॉलरशिपचा अर्ज भरायचाय, त्याला जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, दोन्ही नाडकचेरीत मिळतात, दाखल्यावर आरडी नंबर असतो तो आम्हाला पाहिजे, बँकेत जाऊन खातं आधारला जोडलंय का तेवढं विचारून या, शुक्रवारपर्यंत दाखल्याची झेरॉक्स पोराजवळ द्या." हे आजीला पण कळतं. ज्यांना मराठी वाचता येतं त्यांच्यासाठी खाली चार ओळी टाईप करा.

स्कॉलरशिप अडकते त्यातलं एक कारण नावाचं असतं. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या सॅट्समध्ये (विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) दुसरं, कुठं आडनाव आधी कुठं नंतर, कुठं वडिलांचं नाव गाळलेलं. हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर बिचाऱ्या पालकांच्या आधार सेंटरला फेऱ्या आणि मजुरी बुडते. जूनमध्येच आधारची झेरॉक्स आणि सॅट्सची नोंद शेजारी ठेवून बघितली तर दुरुस्त करायला हातात महिने असतात. बुडालेली एक दिवसाची मजुरी आपल्याला छोटी वाटते, त्या घरी ती आठवड्याचं तेल-मीठ असते.

पावसाच्या सुट्टीचा गोंधळ

जुलैत कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पाऊस लागला की जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टीची ऑर्डर येते, कधी पूर्ण जिल्ह्याला, कधी काही तालुक्यांनाच. आणि दरवर्षी जुन्या तारखेची ऑर्डर कुणीतरी परत फिरवतं, पोरं खूष, पालक गोंधळात. इथं चूक दोन प्रकारची होते, एक म्हणजे तारीख आणि तालुका न बघता फॉरवर्ड करणं आणि दुसरी म्हणजे खरी ऑर्डर असूनही साडेआठला सांगणं, तोवर वाडीवरची पोरं ओढा ओलांडून निम्म्या वाटेवर आलेली असतात.

नियम एकच ठेवा आणि तो जूनच्या पहिल्या सभेतच सांगा, सुट्टीचा निरोप फक्त मुख्याध्यापकांकडून येईल, सकाळी अमुक वाजेपर्यंत आला नाही तर शाळा आहे. रेंज नसलेल्या वाडीसाठी तिथला एक फोन ठरवा, जो घराच्या कोणत्या कोपऱ्यात रेंज येते ते जाणतो, आणि त्याला मेसेज नाही, फोन करा. आणि हे पण स्पष्ट सांगा की सुट्टी जाहीर नसली तरी ओढ्याला पाणी असेल तर पोराला पाठवू नका, हजेरीचं आम्ही बघून घेतो. हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकलं की आईच्या जिवावरचं ओझं उतरतं. नंतर बुडालेले दिवस शनिवारी पूर्ण वेळ शाळा भरवून काढले जातात, ते पण आधी कळवा, नाहीतर पोरं सकाळच्या शाळेच्या हिशोबानं डबा न घेता येतात.

सभेची वेळ शाळेच्या सोयीनं ठरवणं

भात लावणीच्या दिवसांत दुपारी तीनला पालकसभा ठेवली आणि सात बायका आल्या तर त्यात नवल काय? चिखलात उभी असलेली बाई हातपाय धुऊन शाळेत येणार कधी. निपाणीत विड्या वळणाऱ्या आया दिवसाचा हिशोब पूर्ण केल्याशिवाय उठू शकत नाहीत, वडगाव-शहापुरात पॉवरलूमवर बसलेला बाप मधेच माग बंद करून येत नाही, चिकोडी-अथणीकडं ऊसतोड चालू असली की घरात माणूसच नसतं. प्रत्येक गावाची वेळ वेगळी, आणि ती पालकांनाच विचारायची असते. खानापूर भागात लावणी उरकल्यावर, नागपंचमीच्या आसपास गर्दी चांगली होते असा अनुभव आहे. गणपतीच्या दिवसांत चाकरमानी वडील घरी असतात, तेव्हा पाच-सहा घरं पायी फिरून आलात तर वर्षभराच्या चार सभांचं काम होतं. सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायचा हट्ट सोडा, दोन गटांत घ्या, एक सकाळी एक दिवेलागणीला.

आणि सभेत काय बोलतो ते पण बघा. एक तास सूचना, मग सही, मग चहा, याला पालक दुसऱ्यांदा कशाला येईल? वीस मिनिटं सूचना द्या, बाकी वेळ प्रत्येक आईबापाला आपल्या पोराची वही हातात द्या आणि शेजारी बसून बोला.

फक्त तक्रारीसाठीच फोन करणं

शाळेचा नंबर दिसला की आई घाबरते, ही गोष्ट बदलायला पाहिजे. वर्षात पहिला फोन चांगल्या कारणासाठी करा, "तुमच्या सुजाताने आज कन्नडची पूर्ण कविता म्हटली, घरी म्हणायला लावा" एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. त्यानंतर ऑक्टोबरात गैरहजेरीचा फोन केला तर तीच आई मोकळेपणानं सांगते की पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते, आणि मग अंगणवाडीत धाकट्याची सोय करता येते का हे बोलता येतं. आधी ओळख नसेल तर ती "ताप आलाय" म्हणून फोन ठेवते.

एफए-वन, एफए-टूचे (वर्षभरातल्या छोट्या चाचण्यांचे) मार्क ग्रुपवर यादी करून टाकायचे नाहीत, कधीच नाही. कुणाची फी बाकी, कुणाचा युनिफॉर्म मळका हे पण नाही. गावात सगळे एकमेकांचे पाव्हणे असतात, चुलत भावाच्या पोराला जास्त पडले हे संध्याकाळी चुलीपुढं निघतं आणि मार पोराला बसतो. मार्क पालकाला एकट्याला सांगा. पोरांचे फोटो टाकतानाही घरच्यांना विचारा, काही घरांत मुलीचा फोटो फिरलेला चालत नाही आणि त्यांना तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

नलीकली समजावून न सांगणं

पहिली ते तिसरीला नलीकली, म्हणजे आनंदानं शिकायची, पद्धत असते, तीन इयत्तांची पोरं एकत्र, कार्डं, गट, शिडीच्या तक्त्यावर एकेक पायरी. शिक्षकाला त्यात पोराची प्रगती स्पष्ट दिसते, पण घरी आईला दिसते कोरी वही. "मास्तर काय शिकवतच नाहीत, पोरं नुसती खेळालीत" ही चर्चा इथून सुरू होते आणि पुढच्या जूनमध्ये दाखला काढून पोरगं इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसलेलं दिसतं. पटसंख्या घटल्याचं दुःख आपण सगळे करतो, मग जुलैत एक दिवस आईबापांना वर्गात बसवून ती शिडी दाखवा, तुमचं पोर आज इथं आहे, दिवाळीपर्यंत इथं जाईल. पालकाला करायला काहीतरी काम पण द्या, जसं की रोज रात्री दहा मिनिटं पोरानं वाचायचं आणि घरच्यांनी ऐकायचं. ऐकायला शिकलेलं असावं लागत नाही. कन्नड वाचनालासुद्धा हेच चालतं, बापाला कन्नड लिपी येत नसली तरी उच्चार चुकला की त्याला कानानं कळतं.

एसडीएमसी फक्त सहीपुरती ठेवणं

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये लिहिलंय की शाळेच्या समितीत (आपल्याकडं तिला एसडीएमसी म्हणतात) तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका पाहिजेत. कागदावर असतात. बैठकीत बायका दाराजवळ बसतात आणि ठराव आधीच लिहिलेला असतो. त्यांना एकेक गल्ली वाटून द्या, निरोप पोचवायची आणि उलट घरचं म्हणणं शाळेत आणायची जबाबदारी त्यांची, मग बघा.

छोटं उदाहरण माध्यान्ह आहाराचं. अंडं कुणाला, केळं कुणाला ही यादी जूनमध्ये बनते आणि श्रावण लागला की एरवी अंडं खाणारी निम्मी पोरं नको म्हणतात, उकडलेली अंडी वाया. समितीतल्या एखाद्या आईनं आठ दिवस आधी आठवण करून दिली तर स्वयंपाकघरातल्या अक्कांना तेवढी केळी मागवता येतात, आणि घटस्थापनेला परत हाच प्रश्न येतो.

दहावीच्या निकालानंतर गप्प बसणं

2024 पासून एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, एका वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा आहेत, पहिलीत विषय राहिला तर त्याच वर्षी परत बसता येतं. बऱ्याच घरांना हे नीट माहीत नाही, त्यांच्या डोक्यात "नापास म्हणजे वर्ष गेलं" हेच आहे. निकाल लागतो तेव्हा शाळेला सुट्टी, शिक्षक आपापल्या गावी, आणि अर्ज भरायला दिवस थोडे. तेवढ्यात पोरगं मामाबरोबर गोव्याला हॉटेलात कामाला लागतं किंवा फौंड्रीत हेल्पर म्हणून जातं, पहिला पगार हातात आला की परत वहीकडं येणं लई अवघड.

म्हणून मार्चमध्येच, परीक्षेच्या आधी, पालकांना बोलावून या सगळ्या परीक्षांचं सांगून ठेवा. सुट्टीत कोणता शिक्षक फोन उचलणार ते ठरवा, ती जूनमधली नंबरांची वही त्याच्याकडं द्या, आणि निकालाच्या दिवशी पास झालेल्यांच्या अभिनंदनाचं पोस्टर बनवायच्या आधी ज्यांचा एखादा विषय राहिलाय त्यांच्या घरी फोन लावा, "कन्नडच राहिलंय फक्त, बाकी सगळं निघालंय, उद्या दोघं मिळून शाळेत या, अर्ज इथंच भरूया."