परक्या शाखेतला शोधनिबंध कसा वाचावा : जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भाषाशास्त्र

आपल्या शाखेतला शोधनिबंध वाचताना कोणती आकृती आधी पाहायची, कोणता परिच्छेद ओलांडून पुढे जायचे आणि कोणत्या वाक्यापाशी थांबायचे, हे सवयीने अंगवळणी पडलेले असते. शाखा बदलली की हीच सवय दिशाभूल करते. रसायनशास्त्राचा अभ्यासक भाषाशास्त्राच्या निबंधात आकडे शोधत बसतो आणि ते सापडले नाहीत की निबंधाला पुरावाच नाही असे समजतो. भाषाशास्त्राचा अभ्यासक जीवशास्त्राच्या निबंधाची प्रस्तावना आणि चर्चा बारकाईने वाचतो, मात्र ज्या आकृतीवर सारे उभे आहे तिच्याखालची बारीक अक्षरांतली टीप सोडून देतो. एखाद्या सामायिक प्रकल्पामुळे परक्या शाखेत शिरावे लागणाऱ्या वाचकाने पारिभाषिक शब्दांच्या मागे लागण्याआधी एकच प्रश्न विचारावा : या शाखेत पुरावा निबंधाच्या कोणत्या भागात ठेवलेला असतो?

पहिले वाचन

गोषवारा वाचावा, पण तो निबंध वाचायचा की नाही एवढे ठरवण्यापुरताच. गोषवाऱ्यात निष्कर्ष सर्वांत ठाशीव शब्दांत येतात आणि अटी सर्वांत कमी येतात. त्यानंतर जीवशास्त्राच्या निबंधात थेट आकृत्या आणि त्यांखालच्या टिपा, रसायनशास्त्राच्या निबंधात अभिक्रियांची आकृती आणि पहिला तक्ता, तर भाषाशास्त्राच्या निबंधात क्रमांक दिलेली उदाहरणवाक्ये पाहावीत. मजकूर त्यानंतर वाचावा. लेखक काय म्हणतो हे कळण्याआधी त्याच्या हाती काय आहे हे दिसले, तर दाव्याचे वजन स्वतः करता येते.

विषय अगदीच नवा असेल, तर मूळ निबंधाआधी एखादा आढावा लेख वाचून घेणे चांगले. मात्र आढावा लेखातून निष्कर्ष उचलू नयेत. त्या शाखेत कशावर एकमत आहे, कशावर वाद आहे आणि कोणते प्रयोग पुन्हापुन्हा उद्धृत होतात, एवढेच त्यातून घ्यावे.

एकच चिन्ह तिन्ही शाखांत वेगळे काम करते, याचीही जाणीव ठेवावी. जीवशास्त्राच्या आलेखात स्तंभाच्या डोक्यावरची तारका बहुधा पी-मूल्य (प्रत्यक्षात परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी असल्याचे सांगते. रसायनशास्त्राच्या निबंधात लेखकाच्या नावापुढची तारका पत्रव्यवहार कोणाशी करायचा ते दाखवते. भाषाशास्त्रात वाक्यापुढे तारका असेल तर ते वाक्य त्या भाषेत अस्वीकार्य असते, आणि ऐतिहासिक भाषाशास्त्रात शब्दापुढे असेल तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नसून भाषांच्या तुलनेतून पुनर्रचित केलेला असतो. लेखकांच्या क्रमाचेही तसेच आहे. प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्रात प्रत्यक्ष कामाचा मोठा वाटा उचलणारा सहसा पहिला आणि प्रयोगशाळेचा प्रमुख शेवटचा असतो. भाषाशास्त्रात एकट्याने लिहिलेले निबंध आजही पुष्कळ दिसतात.

जीवशास्त्र : मोजले काय आणि कितीदा

जीवशास्त्राच्या निबंधात दोन गोष्टी प्रथम शोधाव्यात : नियंत्रण गट आणि नमुन्याची संख्या. नियंत्रण गटाबाबत विचारायचे ते एवढेच, की ज्या घटकाचा परिणाम तपासला जात आहे तो वगळता बाकी सारे दोन्ही गटांत सारखे होते का. औषध ज्या द्रावकात विरघळवले तो द्रावक नियंत्रण गटालाही दिला नसेल, तर दिसलेला परिणाम औषधाचा की द्रावकाचा हे सांगता येत नाही.

नमुन्याची संख्या हा त्याहून निसरडा मुद्दा आहे. आकृतीखाली ‘एन बरोबर ३०’ असे लिहिलेले असते. प्रश्न असा की हे तीस म्हणजे तीस प्राणी, की तीन प्राण्यांतून घेतलेल्या प्रत्येकी दहा पेशी? दुसऱ्या स्थितीत स्वतंत्र निरीक्षणे तीनच आहेत, कारण एकाच प्राण्यातल्या पेशी एकमेकींसारख्या असतात. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला छद्म-पुनरावृत्ती असे नाव देऊन ती किती सर्रास आढळते हे दाखवले. आज चाळीस वर्षांनंतरही ती सापडते, म्हणून परक्या वाचकाने ती शोधण्यात संकोच बाळगू नये. त्यासाठी जीवशास्त्राच्या पदवीची गरज नाही, कार्यपद्धतीचा भाग सावकाश वाचण्याची आहे.

स्तंभांवरच्या उभ्या रेषाही तपासाव्यात. त्या प्रमाण विचलन (निरीक्षणे सरासरीभोवती किती पसरली आहेत त्याचे माप) दाखवतात की प्रमाण त्रुटी, हे टिपेत लिहिलेले असायला हवे. प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलनाला नमुनासंख्येच्या वर्गमूळाने भागून येणारी संख्या. पंचवीस निरीक्षणे असतील तर ती प्रमाण विचलनाच्या एक पंचमांशच असते. त्यामुळे तीच आकडेवारी एका आलेखात विस्कळीत आणि दुसऱ्यात नेटकी दिसू शकते. टिपेत खुलासाच नसेल, तर त्या आलेखावरून कोणताही निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

पेशींवरच्या कामात पेशीवंशाची, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशींची, ओळख पडताळली आहे का, तेही पाहावे. १९५१ मध्ये मिळवलेल्या हेला या मानवी कर्करोगाच्या पेशी इतक्या जोमाने वाढतात, की इतर अनेक पेशीवंशांत त्या शिरल्याचे आणि मूळ पेशींची जागा त्यांनीच घेतल्याचे पुढे उघड झाले.

रसायनशास्त्र : खरा निबंध जोडपत्रात असतो

संश्लेषणाच्या रसायनशास्त्रात छापील निबंध चार पानांचा आणि त्याची पुरवणी माहिती शंभर पानांची असणे नवलाचे नाही. ही पुरवणी उतरवून घेतल्याशिवाय निबंध वाचला असे म्हणू नये. निबंधातल्या आकृतीत बाणाच्या वर अभिकारक आणि उत्प्रेरक, तर खाली बहुधा द्रावक, तापमान आणि वेळ दिलेले असतात. पण किती ग्रॅम घेतले, कोणत्या क्रमाने घातले आणि पदार्थ शुद्ध कसा केला, हे पुरवणीतच मिळते.

यील्डचा, म्हणजे अपेक्षेच्या किती टक्के पदार्थ प्रत्यक्ष मिळाला त्याचा, आकडा दिसला की तो कशावरून काढला ते पाहावे. वेगळा काढून, वाळवून, तराजूवर तोललेल्या पदार्थाचे यील्ड आणि मिश्रणाच्या वर्णपटावरून अंदाजलेले यील्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरा आकडा अनेकदा पहिल्यापेक्षा मोठा असतो, कारण शुद्धीकरणात होणारी घट त्यात धरलेली नसते.

एनएमआर वर्णपट, म्हणजे रेणूतल्या अणूंनी चुंबकीय क्षेत्रात दिलेल्या संकेतांचा आलेख, पाहून परका वाचक दबकतो; पण प्राथमिक तपासणी कोणालाही जमण्यासारखी आहे. नमुना ड्यूटेरियमयुक्त क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला असेल, तर प्रोटॉनच्या वर्णपटात ७.२६ पीपीएमला (आलेखाच्या आडव्या अक्षावरच्या या आकड्यापाशी) उरलेल्या साध्या क्लोरोफॉर्मची रेषा दिसते. ती पदार्थाची नव्हे. ४.१२, २.०५ आणि १.२६ या तीन ठिकाणी एकत्र रेषा दिसल्या, तर शुद्धीकरणात वापरलेले इथाइल अॅसिटेट शिल्लक राहिले आहे असे समजावे. एवढ्या रेषा बाजूला काढल्यावर उरलेल्या रेषा मजकुरात नोंदवलेल्या रेषांशी जुळतात का, आणि नोंदवलेल्या हायड्रोजनांची बेरीज रेणुसूत्राशी जुळते का, ते मोजावे. बेरीज जुळली म्हणून रचना सिद्ध होत नाही, पण जुळली नाही तर जाणकाराला विचारायला नेमका प्रश्न हाती येतो.

या शाखेत नकळत शिरलेल्या अशुद्धीची भीती खरी आहे. रसायनशास्त्रज्ञ निकोलस लेडबीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक सुझुकी-प्रकारची (दोन कार्बनी रेणू जोडणारी) जोड-अभिक्रिया पॅलेडियमसारख्या संक्रमण धातूशिवाय होते असे प्रसिद्ध केले होते. २००५ मध्ये त्यांनीच त्याचा फेरविचार प्रसिद्ध केला : वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये दर अब्ज भागांत सुमारे ५० भाग इतके सूक्ष्म पॅलेडियम होते आणि अभिक्रिया घडवून आणायला तेवढे पुरत होते. म्हणून ‘अमुक घटकाशिवाय’ असा दावा वाचला, की तो घटक खरोखर नव्हता हे कोणत्या मोजमापाने आणि किती सूक्ष्म मर्यादेपर्यंत तपासले, ते पुरवणीत शोधावे. पुनरावृत्तीची खात्री हवी असेल, तर १९२१ पासून निघणाऱ्या ‘ऑर्गॅनिक सिंथेसेस’मधल्या कृती पाहाव्यात, तिथे प्रत्येक कृती प्रसिद्धीपूर्वी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिली जाते. इतरत्र ही चैन नसते.

भाषाशास्त्र : उदाहरणवाक्य हाच प्रयोग

व्याकरणावरच्या निबंधातली उदाहरणवाक्ये सजावटीसाठी नसतात. प्रत्येक वाक्य म्हणजे एक निरीक्षण असते. अपरिचित भाषेतले उदाहरण सहसा तीन ओळींत येते : मूळ वाक्य, त्याखाली घटकवार फोड आणि शेवटी भाषांतर. मधली ओळ कशी लिहायची याचे संकेत लाइपझिग ग्लॉसिंग नियमांत एकत्र केलेले आहेत. वाचकाने भाषांतराच्या ओळीवरून पुढे न धावता मधली ओळ वाचावी, कारण दाव्याचा आधार तिथेच असतो.

मराठीचेच उदाहरण घेऊ. ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ या वाक्याच्या फोडीत ‘मुलगा’ला कर्तृवाचक ‘ने’ लागलेला, ‘चिठ्ठी’ स्त्रीलिंगी आणि क्रियापदही स्त्रीलिंगी असे दिसेल. म्हणजे क्रियापद कर्त्याशी नव्हे, तर कर्माशी जुळले आहे. त्याखाली तारका लावून ‘मुलाने चिठ्ठी लिहिला’ असे अस्वीकार्य वाक्य दिले जाईल. इथपर्यंत ठीक, पण एवढ्यावरून ‘मराठीत भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ने लागतो’ असा सरसकट नियम कोणी मांडला, तर वाचकाने प्रतिउदाहरण शोधावे. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात ‘ने’ दिसत नाही, तरी क्रियापद कर्माशीच जुळते. ‘मुलगा चिठ्ठी विसरला’ यात कर्म असूनही ‘ने’ नाही आणि क्रियापद कर्त्याशी जुळते. ‘शिकणे’ही तसेच वागते. चांगला निबंध अशी क्रियापदे स्वतःहून पुढे आणतो. ती लपवून ठेवलेली दिसली, तर पुढचे सिद्धान्त कितीही देखणे असले तरी सावध राहावे.

स्वीकार्य-अस्वीकार्य हा निवाडा कोणी दिला, हा पुढचा प्रश्न. लेखक स्वतःच त्या भाषेचा भाषक आहे, की अनेक भाषकांना विचारले? त्यांची बोली कोणती? की वाक्ये कॉर्पसमधून, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांच्या संग्रहातून, घेतली? कॉर्पस असेल तर त्याचा काळ आणि आकार पाहावा. १९६१ मध्ये छापलेल्या अमेरिकी इंग्रजी मजकुरांतून तयार झालेला ब्राउन कॉर्पस सुमारे दहा लाख शब्दांचा आहे. विरळ रचनांसाठी एवढा संग्रह अपुरा पडतो, आणि एखादी रचना त्यात न सापडणे म्हणजे ती भाषेत नसणे नव्हे.

प्रयोगाधारित भाषाशास्त्रात जीवशास्त्रातलाच नमुन्याचा प्रश्न दुसऱ्या वेशात भेटतो. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांनी दाखवून दिले, की चाळीस जणांवर प्रयोग केला तरी वापरलेले शब्द मोजकेच असतील आणि विश्लेषणात शब्दाशब्दांतला फरक धरलेला नसेल, तर निष्कर्ष त्या शब्दांपुरताच राहतो, भाषेला लागू होत नाही. म्हणून सहभागी किती हे पाहिल्यावर वाक्ये किती होती तेही पाहावे.

जोड जिथे आहे तिथे सर्वाधिक वेळ द्यावा

दोन शाखांना जोडणाऱ्या निबंधात सर्वांत कच्चा दुवा बहुधा सांध्याशी असतो, म्हणजे जिथे एका शाखेचा निर्णय दुसऱ्या शाखेची आकडेवारी बनतो त्या जागी. कारण तिथे कोणत्याच बाजूचा परीक्षक पुरेसा निवांत थांबत नाही.

डिसेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ने ऑनलाइन प्रसिद्ध केलेला निबंध याचे ठळक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जीएफएजे-१ हा जीवाणू फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून, अगदी डीएनएमध्येही, वाढू शकतो, असे त्यात म्हटले होते. वाढीचे आलेख जीवशास्त्राच्या निबंधाला साजेसे होते. रसायनशास्त्राच्या वाचकांनी मात्र वेगळीच बाजू पाहिली. आर्सेनेटचे एस्टर बंध (डीएनएच्या साखळीचे दुवे ज्यांनी जोडले जातील ते बंध) पाण्यात फार वेगाने तुटतात. मग डीएनए पाण्यातल्या प्रक्रियांतून अखंड बाहेर कसा आला? शिवाय फॉस्फेटविरहित म्हणवलेल्या माध्यमात क्षारांतून आलेले थोडे फॉस्फेट होतेच, आणि ही नोंद लेखकांनी स्वतः दिलेल्या माहितीतच होती. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांच्या कामातून जीवाणूला फॉस्फेट लागतेच असे दिसून आले. जुलै २०२५ मध्ये ‘सायन्स’ने निबंध मागे घेतला; गैरप्रकाराचा आरोप नव्हता आणि लेखकांना हा निर्णय मान्य नव्हता. वाचकाने यातून घ्यायची पद्धत साधी आहे : जीवशास्त्रीय दावा रेणूंविषयी असेल, तर पुरवणीत अभिकारकांच्या शुद्धतेचे आकडे आधी काढावेत.

भाषाशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या सांध्यावर रसेल ग्रे आणि क्वेंटिन अॅटकिन्सन यांचा २००३ चा निबंध आहे. जीवांच्या वंशवृक्षासाठी घडवलेल्या सांख्यिकी पद्धती त्यांनी ८७ भाषांच्या शब्दसूचींना लावल्या आणि भारोपीय भाषाकुळाचा आरंभ ७,८०० ते ९,८०० वर्षांपूर्वीचा काढला. गणित कितीही प्रगत असले, तरी त्यात घातलेला माल म्हणजे कोणते दोन शब्द एकाच मूळ शब्दापासून आले आहेत हा भाषाशास्त्रज्ञांचा निवाडा. आणि उसना घेतलेला शब्द वारशाचा समजला गेला तर वृक्षच सरकतो. पुढे २०१५ मध्ये विल चांग आणि सहकाऱ्यांनी लॅटिनसारख्या प्राचीन भाषा आजच्या भाषांच्या थेट पूर्वज आहेत ही अट प्रतिमानात घातली, तेव्हा काळ अलीकडे सरकून ६,५०० ते ५,५०० वर्षांपूर्वीच्या स्टेप गृहीतकाशी (या भाषा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून पसरल्या, या मताशी) जुळू लागला. अशा निबंधात निष्कर्षाचा आकडा लक्षात ठेवण्याऐवजी गृहीतकांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे, हे बदलले तर उत्तर किती हलते, असा प्रश्न लिहावा. लेखकांनी स्वतः तशी तपासणी केली असेल, तर ती बहुधा पुरवणीत असते.

नोंद आणि पडताळणी

वाचताना दोन स्तंभांत नोंदी कराव्यात : डावीकडे लेखकाचा दावा, उजवीकडे त्याचा आधार असलेली आकृती, तक्ता किंवा उदाहरणक्रमांक. उजवा रकाना रिकामा राहिला, तर तो दावा अंदाज समजावा. निबंध उद्धृत करण्याआधी त्याच्या डीओआय क्रमांकावरून (निबंधाच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) प्रकाशकाचे मूळ पान उघडून दुरुस्ती, चिंतेची नोंद किंवा मागे घेतल्याची सूचना आहे का ते पाहावे, कारण आधी उतरवून ठेवलेल्या प्रतीवर ती दिसत नाही. बायोआर्काइव्ह, केमआर्काइव्ह किंवा लिंगबझ या संकेतस्थळांवरची पूर्वप्रत (परीक्षणाआधी ठेवलेली प्रत) वाचली असेल, तर प्रसिद्ध आवृत्तीशी ताडून पाहावी. परीक्षकांच्या सूचनेने बदललेला भाग नेमका कोणता हे कळले, की त्या शाखेचे जाणकार कोणत्या मुद्द्यावर अडतात तेही कळते. त्यानंतर त्या निबंधाला उद्धृत करणारे नंतरचे निबंध चाळावेत, आणि त्यांतही कौतुकाने उल्लेख करणाऱ्यांपेक्षा तोच प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना आधी वाचावे.