पकडीच्या ताकदीची स्पर्धा पहिल्यांदा कशी भरवाल?

पकडीच्या स्पर्धेत भांडण वजनावरून होत नाही. ते होतं ‘उचललं’ कशाला म्हणायचं यावरून. दांडा जमिनीवरून सुटला, पण गुडघे सरळ झालेच नाहीत. ग्रिपरच्या, म्हणजे हाताने दाबायच्या स्प्रिंगच्या चिमट्याच्या, दोन्ही मुठी एकमेकींना टेकल्या असं स्पर्धक छातीठोकपणे सांगतो, आणि पंचाला मधे कागदाएवढी फट दिसलेली असते. म्हणून जागा शोधण्याआधी वही-पेन घेऊन बसा.

पायरी १: प्रकार चारच ठेवा

हाताची पकड ढोबळमानाने तीन तऱ्हांची असते: दाबण्याची, चिमटीची आणि धरून ठेवण्याची. तिन्हींना न्याय मिळेल असे चार प्रकार पुरतात. पहिला स्प्रिंगचा ग्रिपर. दुसरा दोन्ही हातांनी चिमटीत जाड ठोकळा किंवा प्लेटा उचलणं. तिसरा एका हाताने फिरत्या मुठीची ओढ. चौथा जाड दांड्याची डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा दांडा धरून सरळ उभं राहणं.

जाड दांडा का? नेहमीच्या बारबेलचा दांडा २८-२९ मिमीचा असतो. अंगठा बोटांवर चढतो आणि कुलूप लागतं. दांडा ५० मिमीचा झाला की ते कुलूपच उघडतं आणि दांडा बोटांतून घरंगळायला बघतो. १९९३ साली आलेल्या ‘रोलिंग थंडर’ या मुठीत तर ६० मिमीची नळी मोकळी फिरते, त्यामुळे मनगट मुरडून चोरी करता येत नाही. जुन्या काळचा ब्रिटिश ताकदवीर थॉमस इंच याचं प्रसिद्ध डंबेल १७२ पौंडांचं, म्हणजे साधारण ७८ किलोंचं. डेडलिफ्ट करणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो. पण मूठ ६० मिमी जाड असल्याने तोच गडी एका हाताने ते जमिनीवरून हलवताना रडकुंडीला येतो.

पायरी २: वजनं तुम्ही स्वतः तोला

प्लेटेवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक प्लेट काट्यावर ठेवा आणि खडूने खरं वजन लिहा. दांडा, मूठ, प्लेटा अडकवायची सळई, कड्या हेही तोला. अर्ध्या किलोच्या आणि जमल्यास पाव किलोच्या प्लेटा हव्यातच. चिमटीच्या प्रकारात निकाल तेवढ्यावर लागतो.

ग्रिपरचं दुखणं वेगळं. ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’ या नावाजलेल्या ग्रिपरांमध्ये ३ नंबरचा २८० पौंडांचा आणि ४ नंबरचा ३६५ पौंडांचा धरतात. (४ नंबर अधिकृतपणे पहिल्यांदा मिटवला तो जो किनी यांनी, १९९८ साली.) पण एकाच नंबरचे दोन ग्रिपर हाताला सारखे लागत नाहीत, आणि वापराने स्प्रिंग थोडी सैलावते. उपाय सोपा आहे. ग्रिपरची एक मूठ पकडयंत्रात (व्हाइसमध्ये) आवळा, दुसरीच्या टोकाला पट्ट्याने वजन टांगत जा आणि मुठी टेकतील तो आकडा लिहून ठेवा. स्पर्धेत सगळ्यांना हाच एक संच द्या. घरून आणलेला ग्रिपर चालणार नाही, हे आधीच कळवा.

पायरी ३: नियम एका पानावर

ग्रिपर: दुसऱ्या हाताने तो तळहातात बसवायला हरकत नाही, पण दाबण्याआधी मुठींमध्ये किमान २० मिमी अंतर दिसलं पाहिजे. पंचाने २० मिमीचा ठोकळा हातात ठेवावा. डोळ्यांवर विश्वास नको.

जाड दांडा: दोन्ही तळवे अंगाकडे. एक तळवा पुढे, एक मागे अशी पकड दांडा फिरूच देत नाही, मग उरते ती नुसती पाठीची परीक्षा. अंगठा बोटांखाली अडकवणं चालेल की नाही, तेही लिहा. मी मनाई करतो. गुडघे आणि कंबर सरळ, पंचाचा ‘खाली’ असा आवाज, मगच दांडा खाली.

चिमटी आणि फिरती मूठ: ठरावीक उंचीवर आडवी दोरी बांधा. वजन दोरीला लागलं की उचल मान्य. वजन किंवा हात मांडीला टेकला की बाद.

हाताला चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, चालेल. चिकट काही नाही. इथे एक गोम आहे. पहिल्या स्पर्धकाला ठोकळ्याचं गुळगुळीत लोखंड मिळतं आणि शेवटच्याला चॉकचा थर. आमच्या पहिल्या स्पर्धेत हे लक्षातच आलं नाही, आणि आधी उतरलेले दोघं घुश्श्यात गेले. बरोबरच होतं त्यांचं. आता मी सुरुवातीलाच ठोकळ्याला चॉक चोळतो आणि दर उचलीनंतर ब्रश मारतो.

पायरी ४: वेळेचं गणित

प्रत्येकाला चार प्रयत्न, प्रत्येकी एक मिनिट. बारा स्पर्धक म्हणजे ४८ प्रयत्न. प्लेटा बदलण्यासह दीड मिनिट धरा, तर एका प्रकाराला ७२ मिनिटं आणि चार प्रकारांना जवळपास पाच तास. पहिल्या खेपेला बाराच्या वर नावं घेऊ नका. वजन फक्त चढत जाईल, उतरणार नाही, असा नियम ठेवला की प्लेटा चढवणाऱ्यांचे हाल वाचतात. ग्रिपर सगळ्यांत आधी घ्या, कारण त्याला ताजा हात लागतो. जाड दांडा शेवटी, कारण तो पाठ आणि कातडी दोन्ही संपवतो.

पायरी ५: गुण टक्क्यांत द्या

समजा जाड दांड्यात तिघांनी १८०, १७८ आणि १२० किलो उचलले. क्रमांकाने ३, २, १ गुण दिले तर दोन किलोंचा फरक आणि ५८ किलोंचा फरक सारखाच ठरतो. त्याऐवजी सर्वोत्तम उचलीला १०० गुण द्या आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात: ९८.८९ आणि ६६.६७. चारही प्रकारांची बेरीज म्हणजे निकाल. यात एकच सापळा आहे: एकही उचल मान्य न झालेल्याला शून्य मिळतं आणि त्याचा दिवस तिथेच संपतो. म्हणून सुरुवातीचं वजन अगदी हलकं ठेवा. स्त्रिया आणि पुरुषांचे तक्ते वेगळे करा.

पायरी ६: माणसं

एक पंच, दोघं प्लेटा चढवायला, एक जण नोंदीला आणि एक घड्याळावर. पंचाने स्वतः उतरू नये. रबरी चटई, टेप, कात्री आणि प्रथमोपचाराची पेटी हाताशी असू द्या. तळहाताची साल निघतेच. प्लेटांखाली कुणाचा पाय येणार नाही, ही जबाबदारी एकाला नाव घेऊन द्या.

बेरीज झाली की तक्ता भिंतीवर लावा आणि दहा मिनिटं थांबा. चूक असेल तर ती स्पर्धकच शोधतात. बक्षीस त्यानंतर.