शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकांतली स्वप्नं: या चुका टाळा

इंग्रजी एम.ए.च्या सेमिनारला 'शेक्सपिअर आणि त्याच्या समकालीनांच्या नाटकांतली स्वप्नं' हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. नावातच स्वप्न असलेलं एक नाटक आधीपासून ठाऊक असतं, शिवाय स्वप्नांचा अर्थ लावणारा मनोविश्लेषक फ्रॉइड हाताशी आहे म्हटल्यावर पानं भरायची चिंता नसते. मग त्याच चुका पुन्हा माझ्या टेबलावर येतात. फाइलचा रंग तेवढा बदलतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वप्न दिसलं रे दिसलं की ते पाहणाऱ्याच्या मनात उडी मारायची. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' एवढ्या भांडवलावर अख्खा निबंध. अहो, या नाटकांतली बरीचशी स्वप्नं रंगमंचावर घडतच नाहीत. ती कुणीतरी सांगतं, आणि सांगणाऱ्याला त्यातून काहीतरी साधायचं असतं.

एकदा एका विद्यार्थ्याने 'कॅसिओची दडपलेली वासना' या विषयावर स्लाइड्ससकट सादरीकरण केलं. 'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकातला प्रसंग: ऑथेल्लोच्या मनात बायको डेस्डेमोनाविषयी खोटा संशय पेरणारा इयागो त्याला सांगतो की दाढदुखीमुळे मला झोप नव्हती, शेजारी तुझा अधिकारी कॅसिओ झोपला होता, आणि तो झोपेत डेस्डेमोनाचं नाव घेऊन बरळला. मुलाने या स्वप्नाची चिरफाड मन लावून केली होती. फ्रॉइडच्या १९०० सालच्या ग्रंथातले उतारेही होते. मी एवढंच विचारलं, "कॅसिओला हे स्वप्न पडलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"इयागोने, मॅडम."

मागच्या बाकांवरून हसू फुटलं. त्याला मात्र आपण काय बोललो हे कळायला जरा वेळ लागला. इयागोवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा ऑथेल्लोनंतरचा दुसरा माणूस मी त्या दिवशी पाहिला. चौकशी केल्यावर कळलं की पोराने नाटक उघडलंच नव्हतं. नेटवरचा सारांश वाचला होता, आणि त्यात 'कॅसिओचं स्वप्न' असं छान ठळक उपशीर्षक होतं. सारांशात सांगणारा गळून पडतो आणि नुसतं स्वप्न उरतं. मूळ प्रसंगात तर इयागो साळसूदपणे म्हणतो, 'अहो, ते नुसतं त्याचं स्वप्न होतं.' ऑथेल्लोचा संशय पक्का होतो तो इथे.

१६१२ साली छापलेल्या वेब्स्टरच्या 'द व्हाइट डेव्हिल'मध्ये तर हे आणखी उघड आहे. व्हिट्टोरिया आपल्या प्रियकराला स्वप्न सांगते: स्मशानातलं यूचं झाड, तिला जिवंत गाडायला आलेले प्रियकराची बायको आणि व्हिट्टोरियाचा नवरा, मग वादळ आणि त्या दोघांच्या अंगावर कोसळलेली फांदी. तिचा भाऊ फ्लॅमिनिओ बाजूला उभा राहून प्रेक्षकांना सांगतो, की हिने स्वप्नातून त्याला दोन खून शिकवले. हे स्वप्न तिला पडलं होतं की नाही, यावर डोकं खाजवण्यात अर्थ नाही.

माझी सवय सांगते. प्रत्येक स्वप्नाच्या समासात मी पेन्सिलीने तीन नावं लिहिते: सांगणारा, ऐकणारा, अर्थ लावणारा. ती लिहून होईपर्यंत फ्रॉइडला हात लावत नाही. 'ज्युलियस सीझर'वर हे करून बघा. पुतळ्यातून रक्ताच्या धारा वाहतात हे स्वप्न सीझरच्या बायकोचं, कॅल्पर्नियाचं, पण ते खुनाच्या कटातल्या डेसियसला सांगतो सीझर, आणि तेही ती समोर असताना. (डेसियस ब्रूटस वेगळा, तो प्रसिद्ध ब्रूटस वेगळा. हेही दरवर्षी सांगावं लागतं.) डेसियस म्हणतो, अर्थच चुकला, तुझ्या रक्ताने रोमला नवं जीवन मिळणार आहे. शेक्सपिअरने ज्याच्या चरित्रांचा आधार घेतला त्या प्लुटार्कमध्ये डेसियस सीझरला डिवचून घराबाहेर काढतो, पण स्वप्नाचा असा उलटा अर्थ तिथे नाही. ती भर शेक्सपिअरची. नाटककाराने मूळ गोष्टीत काय घातलं हे बघायचा कंटाळा ज्यांना आहे, त्यांनी कृपा करून दुसरा विषय घ्यावा.

दुसरी आवडती चूक 'तिसरा रिचर्ड'ची. बॉसवर्थच्या लढाईआधीच्या रात्री येणारी, रिचर्डने मारलेल्यांची भुतं म्हणजे रिचर्डचा अपराधगंड, असं एका वाक्यात उरकतात. अपराधगंड आहेच, जागा झाल्यावरचं त्याचं स्वगत वाचा. पण तीच भुतं त्याच रंगमंचावर, दुसऱ्या तंबूत झोपलेल्या त्याच्या शत्रूला, रिचमंडला आशीर्वाद देतात. रिचर्डचं मन रिचमंडच्या तंबूत कसं शिरलं? 'सिंबेलिन'मध्ये तर गरुडावर बसून ज्युपिटर देव उतरतो आणि झोपलेला नायक पोस्थ्युमस जागा होतो तेव्हा देवाने दिलेला लेख खरोखरच त्याच्याजवळ असतो. त्याचं काय करणार?

बाकीच्या चुका झटपट. मॅकबेथला खंजीर दिसतो तेव्हा तो जागा असतो. ब्रूटसला सीझरचं भूत दिसतं तेव्हा तो पुस्तक वाचत असतो. ही स्वप्नंच नव्हेत. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये झोपेत पडलेलं खरं स्वप्न म्हणजे हर्मियाला दिसलेला साप. बाकी सगळी जादू, जिला पात्रं जागी झाल्यावर स्वप्न म्हणतात. आणि 'अंधुक प्रकाशात भुतं येतात' असं लिहू नका. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात खेळ दुपारी, उघड्या आभाळाखाली होत. रात्र व्हायची ती मशालीने आणि शब्दांनी.

'त्या काळी लोक स्वप्नांवर विश्वास ठेवत' हे वाक्य तर मी न वाचताच खोडते. कोण लोक? त्याच काळातल्या लेखक थॉमस नॅशने १५९४ मध्येच लिहिलं होतं की स्वप्न म्हणजे दिवसभराच्या न पचलेल्या कल्पनांचा फेस. देवाने धाडलेलं, सैतानाने धाडलेलं, जड जेवणातून आलेलं, अशी सगळी मतं एकाच वेळी नांदत होती, कधी एकाच प्रसंगात. १५९२ मध्ये छापलेलं, लेखकाचं नाव नसलेलं 'आर्डन ऑफ फॅव्हरशॅम' बघा. आर्डनला स्वप्न पडतं की हरणांसाठी लावलेलं जाळं आपल्याच भोवती पडलंय आणि शिकार आपणच आहोत. त्याचा मित्र फ्रँकलिन त्याची समजूत घालतो: विसातलं एखादं खरं ठरतंही, पण मनावर घेऊ नकोस. आर्डनची बायको त्याच्या खुनाचा बेत करतेय हे प्रेक्षकांना तोवर माहीत झालेलं असतं. पूर्ण नाटक नेटवर फुकट आहे, आणि हा प्रसंग वाचायला त्याचा सारांश शोधण्याइतकाही वेळ लागत नाही.