कानाचं मशीन घेतलंत ना, मग या चुका टाळा

सतरा वर्षं झाली ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करतेय. मशीन मटाराएवढी झाली, मोबाईलला जोडली जायला लागली, पण तक्रार तीच. "मॅडम, एवढे पैसे घातले, आणि बाबा घालतच नाहीत."

तर पहिली चूक, जिचा मला सगळ्यात जास्त वैताग येतो. मशीन कार्यक्रमापुरतं घालणं.

एकदा एक निवृत्त मास्तर आले, वय 78, सोबत बायको आणि पुण्याहून खास आलेला मुलगा, तो तर दारातूनच भांडायच्या तयारीत. दोन्ही कानांची मशीन, आठ महिने झालेले, काडीचा फरक नाही, परत घ्या. मी काही बोलले नाही, मशीन कम्प्युटरला लावलं. आजकालच्या बहुतेक डिजिटल मशीनमध्ये रोज किती तास चालू होतं याची नोंद असते हे लोकांना माहीतच नसतं. स्क्रीनवर सरासरी आली रोजची 36 मिनिटं. मुलगा म्हणतो, शक्यच नाही, आई सांगते रोज घालतात. मग काकू हळूच म्हणाल्या, "पाहुणे आले की घालतात. एरवी उगाच बॅटरी जाते ना." आणि हे मशीन पहिल्यांदा जरा जास्त वेळ घातलं कुठे, तर भाच्याच्या लग्नात! बँड, पंगतीतली भांडी, चारशे माणसं एकदम बोलतायत. मास्तरांनी अर्ध्या तासात काढून कोटाच्या खिशात टाकलं आणि ठरवून टाकलं की हे बिघडलेलं आहे.

अहो, दहा वर्षं मेंदूला पंख्याचा, चपलांचा, वर्तमानपत्राच्या पानांचा आवाज नीट मिळालेला नाही, तो एका दिवसात सगळा अंगावर आला तर माणूस घाबरणारच. सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि ती सवय डबीत ठेवून होत नाही. माझी पद्धत अशी की पहिला आठवडा घरातच, सकाळी दोन तास, पंखा-टीव्ही बंद, समोर एकच माणूस. दुसऱ्या आठवड्यापासून वेळ वाढवायची, टीव्ही, मग गॅलरी, मग भाजीबाजार. महिन्याभरात आंघोळीनंतर घातलं की झोपताना काढायचं. लग्न सगळ्यात शेवटी. मास्तरांना मी वही दिली, रोज ऐकलेले पाच नवे आवाज लिहून आणा म्हटलं. मास्तरच ते, गृहपाठ चुकवला नाही. तीन महिन्यांनी नोंद रोजची 9 तास, आणि म्हणतात कसे, "आता हिला मीच सांगतो, तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर." मंगल कार्यालयात अजूनही त्यांना निम्मंच कळतं, आणि ते तसंच राहणार हेही मी त्यांना सांगितलंय.

इथेच एक, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना की मशीन लावा, डिमेन्शिया टळतो? इतकं सोपं नाहीये. 2023 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात अमेरिकेतला मोठा अभ्यास आला होता, 70 ते 84 वयाची 977 माणसं, तीन वर्षं. सगळी मिळून पाहिली तर स्मरणशक्ती-विचारशक्तीत खास फरक दिसला नाही, पण ज्यांना मुळात धोका जास्त होता त्या गटात मशीन दिलेल्यांची घसरण 48 टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे आशा आहे, गॅरंटी नाही. आणि डबीतल्या मशीनने तर काहीच होणार नाही.

दुसरी चूक, "आवाज वाढवून द्या". म्हातारपणी बहुतेकांचे बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ, थ असली अक्षरं. आ, ओ, ऊ शाबूत राहतात. म्हणून आजी म्हणतात ऐकू येतं पण कळत नाही, "सात" की "हात" की "भात", सगळं एकच. सगळाच आवाज वाढवला तर जे आधीच ऐकू येतंय ते कानात हाणल्यासारखं होतं आणि "स" तिथेच. त्यात हळू बोललं की ऐकू येत नाही आणि जरा मोठ्याने बोललं की "ओरडतोस कशाला", हा आजोबांचा तिरसटपणा नाही, अशा कानाला मोठा आवाज खरंच एकदम टोचतो. म्हणून ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचं किती ऐकू येतं त्याचा आलेख, काढून पट्टीपट्टीप्रमाणे सेटिंग लागतं, आणि तेही एका भेटीत होत नाही, दोन-तीन आठवड्यांनी परत यावंच लागतं. ऑनलाइन दीड हजाराचं यंत्र मागवून बाबांना बोळवणाऱ्या लोकांना मी आता समजावतच नाही. पैशाचीच अडचण असेल तर केंद्राच्या वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना मशीन मिळतं, मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची केंद्राची अली यावर जंग संस्था आहे, तिथे चौकशी करा.

बाकी भराभर.

शिट्टी मारतंय म्हणून मशीन बदलायला धावू नका. आधी कानातला मळ बघून घ्या, मग डोम (कानात जाणारी मऊ टोपी) किंवा कानाच्या मापाचा साचा नीट बसलाय का ते बघा. दहातल्या सात वेळा माझ्याकडे इथेच काम संपतं. मळ काढायला सेफ्टी पिन, काडी, कोमट तेल यातलं काहीही नको.

मशीनचा आवाज एकदम बारीक झाला तर बहुतेकदा टोकाची, मळ अडवणारी पांढरी जाळी तुंबलेली असते. बदला, दोन मिनिटांचं काम आहे.

बॅटरीचं स्टिकर काढलं की लगेच दार बंद करू नका, ती हवेवर चालते, दोन-तीन मिनिटं उघडी राहू द्या. पाकिटातल्या सगळ्या बॅटऱ्यांची स्टिकरं एकदम काढून ठेवणारे एक काका आहेत माझ्याकडे, दर महिन्याला बॅटऱ्या खराब निघाल्या म्हणून भांडतात. फ्रिजमध्येही ठेवू नका. आणि नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेली तर थेट हॉस्पिटल.

पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. तांदळाच्या डब्यात नाही! एका ताईंच्या सासूबाईंचं मशीन सकाळी तांदूळ धुताना पातेल्यात सापडलं.

दोन्ही कान गेलेत आणि एकच मशीन घेतलंय, तर गर्दीत आणि आवाजाची दिशा ओळखताना त्रास होणारच.

एका कानाचं एका दिवसात एकदम कमी झालं तर माझ्याकडे मशीन मागायला येऊ नका, त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे जा. तिथे दिवस मोजून महत्त्वाचे असतात.

आणि वर्षातून एकदा तपासणी. परवा एक आजी आल्या, सहा वर्षांचं मशीन, सेटिंग सहा वर्षांपूर्वीच्या ऑडिओग्रामचंच, कान तोवर बराच उतरलेला. नवीन रिपोर्ट काढून सेटिंग बदललं, मागे बसलेल्या सुनेने नेहमीच्या आवाजात विचारलं, "आई, रिक्षा बोलावू?" त्या वळून म्हणाल्या, "थांब, आधी चहा घेऊ."