काउंटर ऑफर आलीय? मग या चुका टाळा

पेपर टाकला, म्हणजे राजीनामा दिला, की दोन दिवसांत मॅनेजर "चल, चहाला जाऊ" म्हणतो, थांबावं म्हणून जास्त पगाराची काउंटर ऑफर देतो आणि गेल्या अप्रेझलला ज्याच्यासाठी बजेटच नव्हतं तो पैसा अचानक निघतो. रागही येतो आणि बरंही वाटतं, आणि त्या बरं वाटण्यात लोक फक्त आकडा बघतात.

समजा आत्ता वर्षाचं पॅकेज 12 लाख आहे, बाहेरून 15 ची ऑफर आहे आणि कंपनी म्हणते आम्हीपण 15 देतो. ऐकायला सेमच. पण त्या 15 मध्ये काय काय धरलंय त्याचा ब्रेकअप मागा. बऱ्याचदा त्यातले 2 लाख रिटेन्शन बोनस असतात, एकदाच मिळणारे आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचे, म्हणजे फिक्स झालं 13 आणि पुढची हाईक पण 13 वरच लागणार. बाहेरच्या ऑफरलाही हीच चाळणी लावा बरं का, तिथेही जॉइनिंग बोनस, व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग), कंपनीचा पीएफ सगळं सीटीसीत, म्हणजे कंपनी सांगते त्या एकूण वार्षिक आकड्यात कोंबलेलं असतं. दोन्हीकडचं इन हँड काढा, मग बोला.

ग्रॅच्युइटी, म्हणजे 5 वर्षं नोकरी झाली की सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, तर कोणाच्या डोक्यातच नसते. 5 वर्षं व्हायला थोडेच महिने राहिलेत आणि साहेब निघाले. बेसिक 40 हजार असेल तर 40,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5, म्हणजे साधारण 1 लाख 15 हजार सोडून. नोटीस पिरियड सर्व्हिसमध्येच धरतात, त्यामुळे नोटीसचे 90 दिवस पूर्ण केले तर कदाचित 5 वर्षांत बसतंय. नवी कंपनी "बायआउट करतो (उरलेल्या नोटीसचे पैसे आम्ही भरतो), लगेच या" म्हणाली तर आधी कॅलेंडर काढा.

तोंडी आश्वासनावर राहू नका, "एप्रिलला प्रमोशन करतो" म्हणणारा मॅनेजर एप्रिलपर्यंत स्वतःच पेपर टाकतो. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिवाइज्ड लेटर हातात यायच्या आधीच नव्या कंपनीला नाही कळवणं. राजीनामा मागे घेतल्याचं एचआरने मान्य केलंय असा मेलपण हवा, नाहीतर सिस्टीममध्ये तुमची लास्ट डेट तशीच राहते आणि एके दिवशी लॅपटॉप लॉगिनच होत नाही.

लिंक्डइनवर "काउंटर ऑफर कधीच घेऊ नका" असं ज्ञान रोज वाटलं जातं, मला नाही पटत. पगार हेच खरं कारण होतं, टीम चांगली आहे, वाढ फिक्समध्ये आणि लेखी आहे, तर खुशाल राहा. पण रात्री अकराचे कॉल, तोच सपोर्ट प्रोजेक्ट, तोच बॉस यासाठी निघाला असाल तर पैशाने त्यातलं काय बदलणारे? प्रोजेक्ट कधीपासून बदलणार ते तारखेसकट विचारा, उत्तर गोलगोल आलं की समजून घ्या. आणि हाईकसाठी नुसता धमकी म्हणून पेपर टाकू नका, "ओके, ऑल द बेस्ट" म्हणाले तर काय करणार?

जायचं ठरलं तर पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (तुमच्या कायमच्या पीएफ नंबरवर) ट्रान्सफर करा. आणि वर्षाच्या मध्ये जॉइन होताना त्यासाठीचा ठरलेला फॉर्म भरून आधीचा पगार नव्या कंपनीला कळवा, नाहीतर दोन्ही कंपन्या स्टँडर्ड डिडक्शन आणि स्लॅबचा फायदा वेगवेगळा देतात, टीडीएस कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना व्याजासकट टॅक्स निघतो.