बंपरचं प्लॅस्टिक कसं ओळखावं?

वाडीतले रस्ते अरुंद आणि दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे. गाडी मागे घेताना बंपरचा कोपरा घासला की तडा ठरलेला. हॉट एअर गन आणि प्लॅस्टिकच्या रॉडने तो घरीही जोडता येतो, फक्त पॅनेल आणि रॉड एकाच जातीचे हवेत. पीपीवर (पॉलिप्रॉपिलीनवर) एबीएसचा, म्हणजे वेगळ्याच जातीच्या प्लॅस्टिकचा, रॉड कितीही दाबून बसवा, थंड झाल्यावर खपलीसारखा निघतो.

आधी पॅनेल उतरवून मागची बाजू साबणाने घासा. लाल माती निघाली की दोन टोकदार कंसांत उमटवलेली अक्षरं शोधा. ‘पीपी+ईपीडीएम-टीडी२०’ असेल तर रबर मिसळलेलं पॉलिप्रॉपिलीन, त्यात २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड). बहुतेक बंपर याच कुळातले. पुढची जाळी, आरशाची घरं, स्कूटरची चकचकीत पॅनेलं यांत एबीएस बरंच सापडतं. ‘पीए’ म्हणजे नायलॉन, ‘जीएफ३०’ म्हणजे ३० टक्के काचतंतू.

अक्षरं नसतील तर रंग नसलेल्या कडेचा पातळ काप ब्लेडने काढा आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. साबण अशासाठी की बुडबुडे चिकटून काप उगाच वर येऊ नये. पाणी विहिरीचं किंवा नळाचं घ्या. समुद्राचं जड असतं, निकाल फसवतं. काप तरंगला तर पीपी किंवा पॉलिथिलीन. बुडाला तर मात्र लगेच एबीएस म्हणू नका. टाल्क भरलेलं पीपीही बुडतं, आणि बरेच जण नेमके इथेच चुकतात. बुडालेल्या पॅनेलच्या मागे ॲसिटोनचा थेंब टाका: एबीएस चिकट होतं, पीपीला ढिम्म फरक पडत नाही.

शेवटचा शब्द रॉडचा. निरनिराळ्या रॉडचं पाकीट मिळतं, ते घ्या. पॅनेलच्या मागे, जिथे दिसणार नाही तिथे, पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडा. गनने पॅनेल आणि रॉड दोन्ही मऊ करा (पीपीला साधारण ३०० अंश, एबीएसला ३५०च्या आसपास), रॉड दाबा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग ओढा. अख्खा सुटून आला तर जात वेगळी, पुढचा रॉड घ्या. ओढताना पॅनेलचा पापुद्रा सोबत आला किंवा रॉडच तुटला, तर जोडी जमली. पॅनेल वितळतच नसेल, नुसतं काळं पडून भुसभुशीत होत असेल, तर ते फायबर किंवा थर्मोसेट पॉलियुरेथेन. तिथे इपॉक्सी लावायचं, गन ठेवून द्यायची.

तुकडा जाळून वास घेण्याची जुनी पद्धत मला पटत नाही. पीव्हीसी निघालं तर धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं.

नायलॉन हवेतला दमटपणा शोषतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमटपणाला तोटा नाही. म्हणून जोडण्याआधी ते मंद गरम हवेने नीट सुकवा, नाहीतर जोडात बुडबुडे राहतात.