नवीन गाडी ताब्यात घेताना डाग कुठला चालवायचा आणि कुठला नाही

पाडवा जवळ आला की ओळखीतले चार-पाच जण तरी फोन करतात, अरे गाडी बघायला चल जरा. कारण मी साताऱ्याच्या एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे, आमचे पार्ट चाकणला गाड्यांच्या लाइनवर जातात, आणि दिवसभर माझं काम एकच, पार्ट हातात घ्यायचा आणि पास का रिजेक्ट ते सांगायचं. सगळ्यांबरोबर जाणं जमत नाही म्हणून मी काय काय बघतो ते एकदा लिहून काढतोय.

आधी एवढं डोक्यात ठेवा की डाग वेगळा आणि दोष वेगळा. डाग म्हणजे दिसायला खराब पण कामाला काही अडचण नाही. दोष म्हणजे डोळ्याला दिसो न दिसो, तो पार्ट ज्या कामासाठी बसवलाय तेच काम बिघडणार. लोक शोरूममध्ये डागावरनं तासभर भांडतात आणि दोष तसाच घेऊन घरी येतात, हे बघून खरंच जीव तुटतो.

आता कंपन्या डाग असलेला पार्ट नव्या गाडीला लावतात का? लावतात. आणि त्यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. आमच्याकडं इन्स्पेक्शन टेबलाच्या मागं एक लोखंडी कपाट आहे, त्यात लिमिट सॅम्पल ठेवलेत, प्रत्येक पार्टवर मार्करनं तारीख आणि गिऱ्हाईक कंपनीच्या माणसाची सही. एवढा खड्डा, एवढी रेघ, इथपर्यंत चालेल, याच्या पुढं नाही. पार्टच्या अंगाचेही प्रकार असतात, जे अंग सीटवर बसल्यावर समोर दिसतं ते ए सरफेस, दार उघडल्यावर किंवा वाकून बघितल्यावर दिसतं ते बी, आणि जे कधीच दिसत नाही ते सी. डॅशबोर्डच्या वरच्या अंगाला सिंक मार्क आला, म्हणजे आतल्या रिबच्या (मागच्या बाजूला मजबुतीसाठी दिलेल्या पट्टीच्या) जागी प्लॅस्टिक थंड होताना आत ओढलं गेलं आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यावरनं जाताना वाकडं झालं, तर पार्ट सरळ रिजेक्ट. तोच मार्क सी सरफेसला असेल तर कुणी मान वर करून बघत पण नाही.

मालाची टंचाई आली की ही हद्द थोडी सरकते. त्याला डेव्हिएशन म्हणतात. सप्लायर गाडीच्या कंपनीला लेखी कळवतो की या पार्टला असा असा डाग येतोय, इतके नग, या तारखेपर्यंत घ्या, मग त्यांचा क्वालिटीवाला येऊन बघतो, टेस्ट करतो आणि सही करतो. २०२१ ला गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपांची बोंब झाली तेव्हा हे जवळून बघितलंय. त्या सप्टेंबरात मारुतीनं स्वतःच जाहीर केलेलं की हरियाणा आणि गुजरातच्या प्लांटमधलं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपास राहील, बाकीच्यांचंही रडगाणं तेच होतं. अशा काळात लाइन चार दिवस बंद, मग अचानक चिपा आल्या की पार्ट आत्ताच्या आत्ता पाहिजेत. त्यात आम्हाला नेहमीच्या ग्रेडचा प्लॅस्टिकचा दाणा (कच्चा माल) मिळेना, दुसऱ्या लॉटमध्ये ओल होती, आणि चाकाच्या वरच्या काळ्या लायनरवर चंदेरी रेषा यायला लागल्या. गिऱ्हाईक कंपनीचा इंजिनिअर आला, लायनरवर पोलादी गोळा टाकून बघितला, गाडीला बसवून बघितला, आणि ठराविक नगांना डेव्हिएशन दिलं. चाकाच्या आतली जागा, आठवड्यात चिखलानं भरणार, तिथं रेष कोण बघतंय. पण त्याच दिवशी त्याच माणसानं त्याच लायनरच्या क्लिपांची एक अख्खी पेटी बाजूला काढायला लावली. क्लिप वरनं एकदम चकचकीत होती, फक्त आतला जो दात अडकतो तो अर्धाच भरलेला, शॉर्ट शॉट. दात अर्धा म्हणजे लायनर सुटून टायरला घासणार. दिसायला सुंदर पण रिजेक्ट, दिसायला खराब पण पास, हे त्या दिवशी डोळ्यासमोर झालं आणि तेव्हापासनं मी गाडी पण याच नजरेनं बघतो.

माझं मत सांगतो, न दिसणाऱ्या जागेवरच्या बारीक रेघेसाठी पेटीच्या पेटी ग्राइंडरला घालून भुगा करणं मला पटत नाही, आम्ही छोटे सप्लायर त्यात मरतो, आणि टोयोटासारख्या कंपनीनं पण न दिसणाऱ्या पार्टवरचे दिसण्याचे निकष सैल केलेत ते बरोबरच आहे. पण जिथं गिऱ्हाईकाची नजर जाते तिथं डाग असेल तर त्याला आधी सांगा, पैसे कमी करा. न सांगता द्यायचं हे चूक.

टंचाईचा फटका फक्त डागातच दिसतो असं पण नाही. कधी पार्ट नसतोच, कधी बदली असतो. २०११ ला जपानात भूकंप झाला तेव्हा रंगाला चमक देणारं एक पिगमेंट बनवणारा एकच कारखाना बंद पडला आणि फोर्डला काळ्या आणि काही लाल रंगाच्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या. २०२२ ला त्याच फोर्डच्या तयार गाड्या नावाचा बिल्ला नाही म्हणून उभ्या राहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात टोयोटानं जपानात दोन स्मार्ट चाव्यांच्या जागी एक स्मार्ट आणि एक साधी चावी द्यायला सुरुवात केली. म्हणून शोरूमला जाताना बुकिंगच्या दिवशीचं ब्रोशर आणि व्हेरियंटची यादी घेऊन जा, आणि एकेक गोष्ट बोट ठेवून तपासा. चाव्या किती, कॅमेरा आहे का, मागचा वायपर, स्पीकर चार का सहा, वायरलेस चार्जर. सेल्समन म्हणाला नंतर बसवून देतो, तर कधी आणि फुकट का, ते लिहून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाडी बघायची कधी. रजिस्ट्रेशनच्या आधी. पैसे पूर्ण भरायच्या आधी जमलं तर आणखी चांगलं. एकदा एमएच ११ किंवा एमएच १० चा नंबर पडला की कागदावर गाडी तुमची, मग बदलून द्या म्हणायला जोर राहत नाही. शोरूमवाले म्हणतील गाडी यार्डात आहे, धुतलेली नाही. उत्तम. यार्डातच जायचं, सकाळी नऊ-दहाला, उन्हात. शोरूमच्या दिव्यात आणि पॉलिश मारलेल्या गाडीत काही दिसत नाही, आणि ओल्या गाडीत तर अजिबात नाही. हार-फुलं घालून उभ्या केलेल्या गाडीची तपासणी होत नाही हो, घरचे फोटो काढत असतात, तुम्हाला लाजच वाटते बोनेट उघडायला.

आधी चॅसी नंबर घ्या आणि फॉर्म २१ वर, म्हणजे शोरूमच्या विक्री प्रमाणपत्रावर, गाडी बनवल्याचा महिना-वर्ष बघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. चारी टायर आणि स्टेपनी गाडीच्या तारखेच्या आसपासचे पाहिजेत. काचांवरचा मार्क पण एकाच कंपनीचा आहे का बघा, एखादीच वेगळी असेल तर विचारा, काच का बदलली.

मग रंग. गुडघ्यावर बसा आणि पॅनलकडं समोरनं न बघता तिरकं बघा, आकाशाचं प्रतिबिंब पत्र्यावरनं सलग गेलं पाहिजे. संत्र्याच्या सालीसारखं दिसणं थोडंफार सगळ्याच गाड्यांना असतं, ते डागात धरा. पण एकाच दाराला वेगळं असेल तर ते दार परत रंगवलंय. रंगाची जाडी मोजायचं मीटर ऑनलाइन दोन-तीन हजारात मिळतं, ओळखीच्या पेंटरकडं पण असतं, घेऊन जा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो, दोनशेच्या वर गेला की शंका घ्या, पाचशेच्या पुढं गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलीय. बंपर प्लॅस्टिकचा, त्याच्यावर हे मीटर चालत नाही आणि त्याचा रंग पत्र्यापेक्षा किंचित वेगळा दिसणं पण नेहमीचं आहे. रंगाचा मला राग एवढ्यासाठी की वाहतुकीत घासलेली गाडी गुपचूप रंगवून दिली तर तो डाग राहत नाही, ती फसवणूक होते, आणि दोन पावसाळ्यात कडा उचलायला लागतात.

माझ्या दाजींची गाडी सांगलीत घ्यायची होती. मागचं डावं दार तिरकं बघितलं तर फिकट ढग दिसला, मीटर लावलं, बाकी सगळीकडं ११० च्या आसपास आणि तिथं २४०. बिजागरीच्या बोल्टच्या कडांचा रंग पान्यानं खरवडलेला. सेल्समन म्हणाला कंपनीतनंच असं येतं. असू शकतं, प्लांटमध्येही रिपेअर पेंट करतात, पण मग तसं लिहून द्या म्हटलं. लिहून देईनात. शेवटी एकवीस दिवसांनी दुसरी गाडी आली, मुहूर्त गेला म्हणून ताई जरा नाराज होती, दाजी मात्र शांत बसून राहिले, त्याचं मला कौतुक वाटतं.

बोल्टवरनं आठवलं, नट-बोल्टवर पिवळे किंवा पांढरे रंगाचे ठिपके दिसले तर घाबरू नका. ती टॉर्क, म्हणजे बोल्ट हवा तेवढा आवळलाय का ते, तपासल्याची खूण आहे. दारांच्या सांध्यात मेणासारखं काही माखलेलं असतं ते गंजू नये म्हणून मुद्दाम मारलेलं. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज पण यार्डात पावसात उभ्या गाडीला येणारच, चार वेळा ब्रेक मारले की जातो. इंजिनच्या कास्टिंगला (ओतीव भागाला) खडबडीतपणा, रंगाचे पट्टे, काही फरक पडत नाही. पण दोन कास्टिंग जिथं जुळतात त्या सांध्याला तेलाची ओल दिसली तर गाडी तिथंच थांबवा.

टायरच्या बाजूच्या भिंतीला आत गेलेली उभी रेघ दिसली तर ती जोडाची असते, चालते. बाहेर आलेला फुगा मात्र आतली दोरी तुटल्याची खूण, अजिबात घ्यायचं नाही. अलॉय चाकाला रंगाची खरचट चालेल, केसासारखी चीर नाही. ड्रायव्हरच्या समोरच्या काचेत बुडबुडा किंवा लाट असेल, मान हलवल्यावर रस्ता वाकतोय असं वाटलं, तर बदलून घ्या, रात्री समोरच्या लाइटला तिथंच डोळा फसतो. एअरबॅगचं झाकण नीट बसलेलं नाही, कडेला उचललंय, त्यावर काही चिकटवलंय, तर वाद न घालता नाही म्हणा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, कड उसवलेली नको. आतल्या प्लॅस्टिकवर बारीक रेघ, जोडाची ओळ, ती राहू दे. पण धारदार कड, ज्याला आम्ही फ्लॅश म्हणतो, ती लहान पोरांच्या हाताला लागते, हात फिरवून बघा, खासकरून सीटच्या खाली आणि दाराच्या खिशात.

सांगली-मिरजेकडनं घेणाऱ्यांनी सीटबेल्ट ओढायचं अजिबात विसरू नका. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, २०२१ ला परत पूर आला, पावसाळ्यानंतर यार्डातनं आलेली गाडी असेल तर बेल्टच्या तळाला गाळाची रेघ, कार्पेटखाली ओल आणि वास, सीटच्या पट्टीला गंज, एवढं तरी बघा. पाण्यात बसलेली गाडी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका, वायरिंग एकेक करून जातं.

डाग सापडला आणि तो तुम्हाला चालणार असेल तर काय करायचं? तोंडी काही नको. फोटो काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे माप कळतं, आणि डिलिव्हरीच्या कागदावर सही करायच्या आधी तिथंच हातानं लिहा, 'गाडी ताब्यात घेताना उजव्या पुढच्या फेंडरवर दोन सेंटीमीटरची खरचट आहे, ती शोरूम अमुक तारखेपर्यंत फुकट दुरुस्त करून देणार आहे, पॅनल परत रंगवायचा असेल तर माझी लेखी परवानगी घेणार', आणि मॅनेजरची सही-शिक्का. फ्लोअर मॅट आणि सीट कव्हर फुकट देतो म्हणून लोक गप्प बसतात, ते करू नका, पैसे बिलातनंच कमी करून मागा.

ऐकलंच नाही तर आधी कंपनीला ईमेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि शोरूम कोल्हापूरला किंवा पुण्याला असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे साताऱ्यात किंवा सांगलीत तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, आणि ५ ते १० लाखाच्या गाडीला फी २०० रुपये आहे, वकिलाशिवाय पण करता येते.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा पाइपनं छतावर आणि दारांच्या कडांवर दहा मिनिटं पाणी मारा, आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. आमच्याकडं यवतेश्वर घाटात जुलैत जो आडवा पाऊस लागतो ना, त्यात रबराची छोटीशी कापलेली कड पण सापडते, पण तेव्हा कार्पेट भिजलेलं असतं.